इंग्रजी क्रियापदाचा विरुद्धार्थी शब्द : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न विचारणारे लोक साधारण तीन प्रकारचे असतात. शिष्यवृत्ती परीक्षेला बसणाऱ्या मुलांचे आईबाबा, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलंमुली आणि भाषांतर करताना एखाद्या शब्दापाशी अडकून बसलेले माझ्यासारखे लोक. तिघांनाही हवं असतं तेच : एका इंग्रजी क्रियापदासमोर एक उलटा शब्द. तो बहुतेक वेळा मिळत नाही. का मिळत नाही आणि मग काय करायचं, ते खाली लिहिलं आहे.

"ॲबॅन्डन"चा विरुद्धार्थी शब्द कोणता? एकच सांगा.

आधी काय सोडलं ते सांगा. पावसामुळे सामना "ॲबॅन्डन" झाला, तर त्याच्या उलट म्हणजे तो पूर्ण झाला, "कम्प्लीट". बुडतं जहाज "ॲबॅन्डन" केलं, तर त्याच्या उलट खलाशी जहाजावरच थांबले, "स्टे". शोधमोहीम अर्ध्यावर सोडली याच्या उलट ती चालू ठेवली, "कन्टिन्यू". हक्क सोडला याच्या उलट हक्क राखला, "रिटेन".

यात इंग्रजीचा काही खास खोडसाळपणा नाही. आपलं "सोडणे" घ्या. नोकरी सोडली, उलट धरली. उपास सोडला, उलट धरला. केस सोडले, उलट बांधले. धरणाचं पाणी सोडलं, उलट बंद केलं. विहिरीत बादली सोडली, उलट वर ओढली. कोणी तुम्हाला नुसतं "सोडणेचा विरुद्धार्थी शब्द सांगा" असं विचारलं, तर तुम्ही आधी "काय सोडणे?" असं विचाराल. इंग्रजी शब्दालाही हाच प्रश्न विचारायचा. उलटा अर्थ क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामधे कुठेतरी असतो. एकट्या क्रियापदाच्या पोटात तो क्वचितच सापडतो.

मग शाळेच्या पुस्तकात एकच जोडी का छापलेली असते?

तक्त्यात एवढीच जागा असते म्हणून. "ओपन-क्लोज", "कम-गो", "लाफ-क्राय" या जोड्या पाठ करायला सोप्या आहेत, आणि पहिली-दुसरीला तेवढं पुरतं. अडचण होते ती मूल पुढे गेल्यावरही तोच तक्ता डोक्यात ठेवतं तेव्हा.

घरी एक खेळ करून पाहा. मुलाला सांगा, "लाव". काय लाव? पंखा लाव, याच्या उलट बंद कर. दार लाव, याच्या उलट उघड. म्हणजे पंख्याच्या बाबतीत "लाव" म्हणजे चालू कर आणि दाराच्या बाबतीत "लाव" म्हणजे बंद कर! झाड लाव, याच्या उलट उपट. भिंतीवर फोटो लाव, याच्या उलट काढ. पाच मिनिटांत मुलाला जे कळतं ते तक्त्याने वर्षभरात कळत नाही. नंतर "रेझ" किंवा "मिस" हा शब्द आला की ते आपणहून विचारतं, "काय मिस?"

"मिस"चा विरुद्धार्थी शब्द खरंच असतो का?

असतो, तीन-चार असतात. गाडी "मिस" झाली, तर उलट "कॅच". नेम चुकला, तर उलट "हिट". तास बुडवला, तर उलट "अटेंड". प्रूफ वाचताना चूक नजरेतून सुटली, तर उलट "स्पॉट" किंवा "नोटिस".

पण "आय मिस यू" याला उलटा शब्द नाही. "फरगेट" हा त्याच्या उलट वाटतो, पण तो "रिमेंबर"चा जोडीदार आहे. मराठीत आपण म्हणतो, "तुझी आठवण येते". इथे येणारी आठवण आहे, करणारा कोणी नाही. तरी हल्ली "तुला फार मिस करतो" असं सर्रास बोलतात. माझी तक्रार नाही, पण ते वाक्य उलटं करून दाखवा म्हटलं तर कोणालाच जमत नाही.

सगळ्याच क्रियापदांना विरुद्धार्थी शब्द असतो का?

नाही. "ईट", "राइट", "सिंग", "वॉक" यांच्या उलट काय? न खाणं, न लिहिणं. "स्टार्व्ह" म्हणजे उपाशी असणं, ते खाण्याच्या उलट नव्हे, न खाण्याचा परिणाम आहे. "इरेझ" लिहिलेलं पुसतं, पण लिहिण्याची क्रिया मागे फिरवत नाही.

इथे एक सापळा आहे, मराठी माध्यमातली मुलं त्यात हमखास पडतात. "नो" म्हणजे माहीत असणं. मग माहीत नसणं म्हणजे काय? "इग्नोरन्स" म्हणजे अज्ञान हे पाठ असतं, त्यावरून मुलं "इग्नोर" लिहितात. पण "इग्नोर" म्हणजे माहीत असून दुर्लक्ष करणं. दुर्लक्ष करायला ती गोष्ट आधी माहीत असावी लागते! "नो" या क्रियापदाला रोजच्या इंग्रजीत सरळ उलटं क्रियापद नाही, "डोन्ट नो" हेच खरं उत्तर.

"अन", "डिस", "डी" यांतलं काय लावलं की उलटा अर्थ होतो?

नियम म्हणून काही नाही, शब्द पाहून शिकावं लागतं. पण या उपसर्गांचं काम समजलं तर निम्म्या चुका टळतात.

इंग्रजीत "अन" हे खरं तर दोन आहेत. दिसायला एक, वंश वेगळे. विशेषणाला लागणारं "अन" नकार देतं : "अनहॅपी" म्हणजे आनंदी नसलेला. क्रियापदाला लागणारं "अन" केलेली गोष्ट मागे फिरवतं : "अनटाय" म्हणजे बांधलेली गाठ सोडणं, "अनपॅक" म्हणजे भरलेली बॅग रिकामी करणं. हे दुसरं "अन" जर्मनमधल्या "एन्ट" या उपसर्गाचं भावंड आहे. म्हणूनच "अनटाय" म्हणजे "न बांधणं" असं कधीच होत नाही. जे बांधलंच नव्हतं ते "अनटाय" करता येत नाही. या दोघांचा गोंधळ बघायचा असेल तर "अनलॉकेबल" हा शब्द घ्या. ज्याला कुलूप लावता येत नाही असं दार, किंवा ज्याचं कुलूप उघडता येतं असं दार. दोन्ही अर्थ व्याकरणात बसतात आणि दोन्ही एकमेकांच्या उलट आहेत.

"अन" अजून जिवंत आहे. समाजमाध्यमांवरून "अनफ्रेंड" इतकं रुळलं की 2009 मधे एका मोठ्या अमेरिकन कोशाने त्याला वर्षाचा शब्द ठरवलं.

"डिस" दोन्ही कामं करतं. "डिसकनेक्ट"मधे ते जोडलेलं तोडतं, "डिसॲग्री"मधे नकार देतं. पण "आय डोन्ट लाइक इट" आणि "आय डिसलाइक इट" एक नाही. पहिल्यात आवड नाही एवढंच, दुसऱ्यात नावड आहे. "मला पोहे आवडत नाहीत" असं नम्रपणे सांगणारा पाहुणा पहिल्या वाक्यात राहतो, दुसऱ्यात गेला की यजमानाचा चेहरा पडतो.

"डी" हे काढून घेण्याचं काम करतं : "डीफ्रॉस्ट", "डीकोड", "डीॲक्टिव्हेट". 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा गेल्या, तेव्हा "डीमॉनेटाइझ" हा शब्द गल्लीतल्या वाण्यालाही पाठ झाला. "मॉनेटाइझ"चा तो उलटा, पण "मॉनेटाइझ" हा शब्द त्याने नंतर ऐकला, यूट्यूबवाल्या भाच्याकडून, आणि तोही वेगळ्याच अर्थाने.

आणि "मिस" हा उपसर्ग उलटा करत नाही, बिघडवतो. "मिसअंडरस्टँड" म्हणजे न समजणं नव्हे, चुकीचं समजणं. न समजलेला माणूस निदान विचारतो तरी. चुकीचं समजलेला विचारतही नाही.

"डी" आणि "अन" लावूनही अर्थ तोच राहिला, असं होतं का?

होतं, आणि ते वाचून माणूस चक्रावतो. मासळीचे काटे काढणं म्हणजे "बोन" आणि "डीबोन", दोन्ही तेच. बर्फ वितळणं म्हणजे "थॉ", बोलीत "अनथॉ" म्हटलं तरी तेच. "लूसन" आणि "अनलूसन" दोन्ही सैल करणंच. "रॅव्हल"ची गंमत वेगळी. हा शब्द डचमधून आलेला, आणि त्याचा अर्थ धागे गुंतणं असाही होता आणि उसवणं असाही. पुढे उसवण्यासाठी "अनरॅव्हल" आला आणि मूळ बिचारा मागे पडला.

"लेंड" आणि "बॉरो" मधे माझा नेहमी गोंधळ होतो. का?

कारण मराठीत दोघांमधे "उसने" सामाईक आहे. उसने घेणे, उसने देणे. फरक "घेणे-देणे" दाखवतात. इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदं आहेत आणि "कॅन यू बॉरो मी युअर पेन" हे त्यातूनच येतं.

इथला उलटेपणा वेगळ्या जातीचा आहे. तुम्ही मला शंभर रुपये उसने दिले त्याच क्षणी मी ते उसने घेतले. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी. व्यवहार एकच, फक्त पैसे कुठल्या खिशातून निघाले ते आधी सांगायचं की कुठल्या खिशात गेले ते. "बाय-सेल" आणि "टीच-लर्न" याच जातीचे. "टाय-अनटाय" तसे नाहीत, कारण गाठ एकाच वेळी बांधलेली आणि सुटलेली नसते. मराठीत "शिकणे"मधे एक "व" घातला की "शिकवणे" होतं, म्हणजे दोन्ही टोकं एकाच धातूची.

इंग्रजीतल्या काही शब्दांना मात्र दिशाच नाही. "रेंट" करणारा घरमालक की भाडेकरू? दोघेही. "आय रेंटेड अ फ्लॅट" हे वाक्य एकटं असेल तर सांगणाऱ्याकडे फ्लॅट आला की गेला हे कळत नाही. मालकाच्या बाजूने स्पष्ट बोलायचं तर "रेंट आउट" किंवा ब्रिटिश पद्धतीने "लेट". इमारतींवर "टु लेट" अशी पाटी असते ती हीच. तिथे उशिराचा काही संबंध नाही. या "लेट"ची खरी गोष्ट पुढे येते.

"डाउट"चा विरुद्धार्थी शब्द "बिलीव्ह" आहे ना? मग चूक कुठे होते?

चूक विरुद्धार्थी शब्दात नाही, मुळात "डाउट"च्या मराठीत आहे. आपण त्याचं भाषांतर "संशय" असं करतो. "पैसे त्यानेच घेतले असा मला संशय आहे" हे इंग्रजीत लिहिताना माणूस लिहितो, "आय डाउट दॅट ही टुक द मनी". इंग्रजी वाचणारा समजतो, "त्याने घेतले असं मला वाटत नाही". म्हणजे आरोप करायचा होता आणि माणूस निर्दोष सुटला! हवा होता तो शब्द "सस्पेक्ट". म्हणजे ज्या दोन क्रियापदांना आपण एकच मराठी शब्द देतो, ती एकमेकांच्या जवळजवळ उलट आहेत. "डाउट" म्हणजे तसं नसावं, "सस्पेक्ट" म्हणजे तसंच असावं.

कार्यालयीन तक्रारीत, चौकशीच्या जबाबात ही चूक महागात पडते. बोलताना हावभावावरून निभावतं, कागदावर हावभाव नसतात.

आपल्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. सतराव्या-अठराव्या शतकातल्या इंग्रजीत "डाउट" हा "मला भीती वाटते, तसंच असावं" अशा अर्थाने वापरत, आणि स्कॉटलंडमधे अजूनही "आय डाउट इटल रेन" म्हणजे पाऊस येणारसं दिसतंय. म्हणजे आपली चूक तीनशे वर्षांपूर्वी चूक नव्हती. वर्गात "सर, एक डाउट आहे" म्हणजे शंका, प्रश्न. तो भारतीय इंग्रजीचा अर्थ, तो राहू द्या.

"डू यू माइंड?" याला "यस" म्हणायचं की "नो"?

परवानगी द्यायची असेल तर "नो". "माइंड" म्हणजे इथे हरकत असणं. "डू यू माइंड इफ आय सिट हिअर?" याला आपला माणूस हसून "यस, यस" म्हणतो आणि सरकून जागा करून देतो. शब्दशः तो म्हणाला, "हो, मला हरकत आहे". समोरचा बसतो, कारण त्याने शब्द ऐकले नाहीत, सरकणं पाहिलं. मराठीतही "काही हरकत आहे का?" ला आपण "नाही, बसा ना" म्हणतो, म्हणजे खरं तर आपल्याला हे येतं. इंग्रजी प्रश्न ऐकला की होकार द्यायची घाई होते, एवढंच.

एकाच इंग्रजी क्रियापदाचे दोन अर्थ एकमेकांच्या उलट असतात, हे खरं का?

खरं आहे. आणि माझ्या मते या सगळ्या विषयातला हाच सगळ्यात रसाळ भाग आहे. रोजचं उदाहरण "सँक्शन". बँकेत "लोन सँक्शन झालं" म्हणजे मंजूर झालं, पेढे वाटा. बातम्यांत एखाद्या देशावर "सँक्शन्स" लादले म्हणजे निर्बंध आले, व्यापार बंद. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ कायद्याने पवित्र, अभंग ठरवणे. कायदा अभंग ठरला की दोन गोष्टी आल्या : कायद्याची मान्यता आणि तो मोडणाऱ्याला शिक्षा. एक शब्द दोन्हीकडे गेला. भाषांतर करताना "मंजुरी" आणि "निर्बंध" यांतला एक निवडायचा म्हणजे वाक्य शेवटपर्यंत वाचणं आलं.

"क्लीव्ह"चं तसं नाही. तिथे दोन वेगळ्या जुन्या क्रियापदांचं स्पेलिंग काळाच्या ओघात एक झालं. एकाचा अर्थ फाडणं, कापणं. खाटकाचा सत्तूर म्हणजे "क्लीव्हर" तो यातूनच. दुसऱ्याचा अर्थ चिकटून राहणं. 1611 च्या इंग्रजी बायबलमधे पुरुष आईबापांना सोडून बायकोला "क्लीव्ह" करतो असं वाक्य आहे. सत्तुराचा अर्थ धरून ते वाचलं तर भलतंच चित्र उभं राहतं.

पासपोर्टवर "विदाउट लेट" असं लिहिलं आहे. "लेट" म्हणजे "देणे" ना?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी मनातून शाबासकी देतो, कारण बहुतेकांनी ते पान वाचलेलंही नसतं. भारतीय पासपोर्टच्या आतल्या बाजूला राष्ट्रपतींच्या नावाने केलेली विनंती छापलेली असते, की पासपोर्टधारकाला "विदाउट लेट ऑर हिंड्रन्स" जाऊ द्यावे. "लेट" म्हणजे होऊ देणं, असं धरलं तर अर्थ होतो "जाऊ न देता जाऊ द्यावे"!

हा "लेट" वेगळा आहे. जुन्या इंग्रजीत होऊ देण्यासाठी एक क्रियापद होतं आणि अडवण्यासाठी दुसरं, उच्चार जवळजवळ सारखे. हळूहळू दोघांचं स्पेलिंग एक झालं आणि बोलीतून अडवणारा "लेट" हद्दपार झाला. दोन उलट अर्थ एकाच तोंडी फार काळ टिकत नाहीत, एकाला घर सोडावंच लागतं. पण कायद्याच्या कागदात जुने शब्द मुरांब्यासारखे टिकतात. शेक्सपिअरच्या हॅम्लेटला भुताच्या मागे जायचं असतं, मित्र धरून ठेवतात. तेव्हा तो म्हणतो, मला जो "लेट" करेल त्याचंच भूत करीन. आजच्या विद्यार्थ्याला वाटतं, जाऊ देणाऱ्याला मारायला निघालेला हा कसला राजपुत्र!

टेनिसमधे सर्व्हिस जाळीला लागून पलीकडे योग्य जागी पडली की "लेट" म्हणतात आणि ती पुन्हा करतात. तो शब्दही अडथळ्याच्याच घराण्यातला मानतात. आणि ज्याला आपण मराठीत "लेट झाला" म्हणतो तो उशिराचा "लेट" या अडवणाऱ्या शब्दाचा नातेवाईक आहे. अडवणं म्हणजे उशीर करणं. तेव्हा पासपोर्टवरचा "लेट" वाचून ज्याला उशीर आठवला, तो अगदीच चुकला नाही.

"टेबल" हे क्रियापद ब्रिटिश आणि अमेरिकन उलट वापरतात का?

हो. ब्रिटनमधे प्रस्ताव "टेबल" करणं म्हणजे चर्चेसाठी मांडणं. अमेरिकेत म्हणजे बाजूला ठेवून देणं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश अधिकाऱ्यांनी एक तातडीचा कागद "टेबल" करू म्हटलं. अमेरिकन अधिकाऱ्यांना वाटलं, हे तो दाबून ठेवायला निघाले. त्यावर बराच वेळ कडाक्याचा वाद झाला आणि शेवटी कळलं, दोघांना हवं होतं तेच. हा किस्सा चर्चिलने स्वतः आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे.

आपण ब्रिटिश वाटेने आलो. विधानसभेत कागद "सभागृहाच्या पटलावर ठेवला" म्हणजे मांडला. अमेरिकन कंपनीच्या बैठकीत मात्र कोणी "लेट्स टेबल इट" म्हणालं, तर लॅपटॉप उघडू नका. विषय संपलेला असतो.

"डस्ट" म्हणजे धूळ झटकणे की टाकणे?

दोन्ही. कपाट "डस्ट" केलं म्हणजे धूळ काढली. केक पिठीसाखरेने "डस्ट" केला म्हणजे वर साखर भुरभुरली. नामाचं क्रियापद झालं की असं होतं : वस्तू घालायची की काढायची, हे शब्द सांगत नाही, आपली समज सांगते. "सीड" शेताच्या बाबतीत पेरणं आणि टोमॅटोच्या बाबतीत बिया काढणं. "ट्रिम" म्हणजे कुंपण छाटणं, पण नाताळचं झाड सजवणंही. "क्लिप" कागद जोडतं आणि नखं कापतं. यांचे विरुद्धार्थी शब्द शोधायला बसू नका, ते स्वतःचेच विरुद्धार्थी आहेत.

मराठीत असं काही आहे का?

भरपूर आहे, आपलं लक्ष जात नाही इतकंच. रांगोळी काढली म्हणजे ती अवतरली, डाग काढला म्हणजे तो गेला. इंग्रजी "ड्रॉ"चं तर आपल्या "काढणे"शी फारच जुळतं. चित्र "ड्रॉ" करणं, तलवार म्यानातून "ड्रॉ" करणं, आणि "ड्रॉ द कर्टन्स" म्हटलं तर पडदे उघडायचे की ओढून घ्यायचे, हे खोलीत ऊन किती आहे त्यावर!

पण आपली खरी मजा शकुन-अपशकुनात आहे. नारळ "फोडा" म्हणायचं नाही, "वाढवा" म्हणायचं. हातातली बांगडी फुटली की "वाढवली". वाढवणे म्हणजे अधिक करणे, आणि इथे तर तुकडे झाले. तसंच उंबऱ्यातून बाहेर पडताना "जातो" नाही, "येतो". नव्याने मराठी शिकणाऱ्याला हे समजावून सांगताना मला "सँक्शन" फार सोपा वाटतो. तिथे निदान लॅटिन मूळ दाखवता येतं. इथे अख्खी आजी समजावून सांगावी लागते.

"मस्ट"चा विरुद्धार्थी "मस्ट नॉट" ना?

एका अर्थाने. "यू मस्ट टेक धिस टॅब्लेट" म्हणजे गोळी घ्यायलाच हवी. याच्या उलट दोन वाटा आहेत. "मस्ट नॉट" म्हणजे घ्यायचीच नाही, मनाई. "नीड नॉट" म्हणजे घ्यायची गरज नाही, घेतली तरी चालेल. मराठीत "घेऊ नये" आणि "घ्यायची गरज नाही" असा फरक नीट दाखवता येतो. पण बोलण्यात आपण "घ्यायला नको" म्हणतो आणि ते दोन्हीकडे ओढता येतं. औषधाच्या सूचनांचं भाषांतर करताना म्हणून मी "नको" वापरायचं सोडून दिलं आहे. "नये" कोरडं वाटतं, पण गोळी पोटात जाणार असते.

"टेक ऑफ", "गो ऑफ", "टर्न डाउन" यांचे विरुद्धार्थी?

इथे शेवटचा छोटा शब्द उलटा केला की झालं, असं वाटतं. कधीकधी होतं : आवाज "टर्न अप", "टर्न डाउन". पण देऊ केलेली नोकरी "टर्न डाउन" केली याच्या उलट "ॲक्सेप्ट" आहे, "टर्न अप" नाही. "टर्न अप" म्हणजे अचानक उगवणं. बूट "टेक ऑफ" केले, उलट "पुट ऑन". विमान "टेक ऑफ" झालं, उलट "लँड". आणि दिवे "गो ऑफ" झाले म्हणजे बंद पडले, पण गजर "गो ऑफ" झाला म्हणजे वाजायला लागला.

परीक्षेत चार पर्यायांपुढे काय करायचं?

वाक्य दिलं असेल तर आधी वाक्य वाचा, शब्द नंतर. दिलेला शब्द भूतकाळी असेल तर उत्तरही भूतकाळी असायला हवं. चारांत एक पर्याय हमखास समानार्थी असतो, घाईतल्या मुलांसाठी ठेवलेला. आणि नाम-क्रियापदाचा गोंधळ टाळा. "एक्सपांड"च्या उलट "कॉन्ट्रॅक्ट" दिसला की मुलं म्हणतात, हे तर कंत्राट, आणि पुढे जातात. क्रियापद म्हणून त्याचा अर्थ आकुंचन पावणं असा आहे, फक्त उच्चारात जोर दुसऱ्या भागावर येतो. "रिफ्यूज"चंही तेच : क्रियापद म्हणजे नाकारणं, नाम म्हणजे कचरा.

चांगला कोश कसा ओळखायचा?

शब्दासमोर उलट्या शब्दांची लांब रांग असेल तर तो ठेवून द्या. प्रत्येक अर्थाखाली वेगळा विरुद्धार्थी शब्द आणि एक वाक्य असेल तो घ्या. 1852 मधे पीटर मार्क रॉजे या वैद्याने कल्पनांनुसार रचलेला इंग्रजी शब्दसंग्रह काढला, तेव्हा उलट कल्पनांचे शब्द शेजारशेजारच्या रकान्यांत ठेवले. शब्दासमोर शब्द नव्हे, गटासमोर गट. ती रचना मला अजूनही जास्त प्रामाणिक वाटते.

"पोस्टपोन"च्या उलट "प्रीपोन" चालतं का?

भारतात बिनधास्त चालतं, बाहेर लोक अडखळतात. "पोस्ट" म्हणजे नंतर, "प्री" म्हणजे आधी, घडण चोख आहे. साहेबी इंग्रजीत त्याऐवजी "ब्रिंग फॉरवर्ड" किंवा "मूव्ह फॉरवर्ड" म्हणतात, आणि मराठी माणसाची पंचाईत इथेच होते. "फॉरवर्ड" म्हणजे पुढे, आणि आपल्याकडे बैठक "पुढे गेली" म्हणजे लांबली! इंग्रजी बोलणाऱ्यांचंही यावर एकमत नाही. "बुधवारची बैठक दोन दिवस मूव्ह फॉरवर्ड केली" असं सांगून वार विचारला, तर काही सोमवार म्हणतात, काही शुक्रवार. तेव्हा "प्रीपोन"ला हसणाऱ्यांकडे फार लक्ष देऊ नका. परदेशी पत्र पाठवायचं असेल तर दोन्ही शब्द टाळा आणि नवा वार, तारीख, वेळ सरळ लिहा.